माध्यमिक शाळेतील मूल्यशिक्षण : तासिका कोणाची, जबाबदारी कोणाची?

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, उन्हाची काहिली ओसरल्यावर जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात सकाळी सातच्या सुमारास सक्करदरा चौकात उभे राहिले, तर नवे गणवेश, नवी दप्तरे, रिक्षांत दाटीवाटीने बसलेली मुले आणि पाल्याला स्कूटरवर मागे बसवून निघालेले पालक यांची एकच गर्दी दिसते. पहिल्या पालकसभेत विचारले जाणारे प्रश्नही दरवर्षीचेच असतात. गणिताला कोणते शिक्षक आहेत? दहावीचा निकाल किती लागला? जादा वर्ग केव्हापासून सुरू होणार? मूल्यशिक्षणाची तासिका कोण घेते, हा प्रश्न विचारणारा पालक आम्हांला क्वचितच भेटला आहे. वेळापत्रकात ती तासिका असते खरी, परंतु सहामाही परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक ती मागून घेतात, आणि मूल्यशिक्षणाचे शिक्षक ती आनंदाने देऊन टाकतात.

यात सर्व दोष शिक्षकांचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, जेमतेम पस्तीस मिनिटांची तासिका, शिवाय निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची शाळाबाह्य कामे, यांतून मार्ग काढणाऱ्या शिक्षकाला ज्या विषयाची परीक्षा नाही तो विषय सोडून देण्याचा मोह होणारच. प्रश्न असा आहे की, ही तासिका नेमाने झाली तरी त्यातून काय साधते?

महाराष्ट्रातील शाळांत शिकलेल्या प्रत्येकाला दहा मूल्ये ठाऊक आहेत : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा. सकाळच्या परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार आणि बोधकथा यांच्या सोबतीने ही मूल्ये मुलांच्या कानांवर पडतात. पाचवी-सहावीच्या मुलाला हे पुरते. नववीतल्या मुलाला मात्र पुरत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात ‘प्रामाणिकपणा हेच खरे धन’ असे लिहिलेले असते आणि त्याच फळ्यासमोर कोणत्या मुलाच्या चाचणीचे गुण कसे वाढले, हे त्या मुलाला माहीत असते. त्या वयाला विसंगती फार लवकर दिसते, आणि एकदा दिसली की सुविचाराचे अक्षर कितीही वळणदार असले तरी उपयोग होत नाही.

स्वतंत्र भारताने या प्रश्नाचा विचार केला नाही असे नव्हे. उलट पुष्कळच केला. १९५९ साली केंद्र सरकारने धार्मिक व नैतिक शिक्षणाविषयी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते श्रीप्रकाश, म्हणजे तत्कालीन मुंबई राज्याचे राज्यपाल. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने नैतिक व आध्यात्मिक मूल्यांसाठी आठवड्यातून एक-दोन तासिका राखून ठेवण्याची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. १९७९ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मूल्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत ८३ मूल्ये होती! वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा या पाच मूल्यांवर भर दिला. त्र्याऐंशींवरून पाचांवर आलेली ही यादी पाहिली की आम्हांला वाटते, मूल्ये किती असावीत या विचारात आपण जितका वेळ घालविला, तितका ती मुलांच्या अंतःकरणात कशी उतरावीत या विचारात घालविला नाही.

चव्हाण समितीच्या अहवालात सर्व धर्मांच्या मूलभूत शिकवणीची ओळख मुलांना करून द्यावी असेही सुचविले होते. त्यातून राज्यघटनेचा प्रश्न उभा राहिला. घटनेच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य वा अनुदानित शाळेतही विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निकाल देताना भेद स्पष्ट केला : धर्मांविषयी माहिती देणे वेगळे, आणि विशिष्ट धर्माची दीक्षा देण्याच्या हेतूने शिकविणे वेगळे. पहिल्यास घटनेचा अडसर नाही.

हा भेद आपल्या शाळांना विशेष महत्त्वाचा आहे. नागपुरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० पासून उभी आहे, म्हणजे नागपूर धर्मप्रांत स्थापन होण्याच्या (१८८७) सतरा वर्षे आधीपासून. तेव्हापासून आजवर आपल्या शाळांत शिकलेल्या मुलांमध्ये बहुसंख्य मुले हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन आणि शीख घरांतील आहेत. नीतिशिक्षणाच्या आडून धर्मांतराचा डाव तर नाही ना, अशी शंका अधूनमधून घेतली जाते. तिच्यावर रागावून उपयोग नाही. नीतिशिक्षणाचे पुस्तक पालकांच्या हाती द्यावे, तासिकेस येऊन बसण्याचे आमंत्रण द्यावे, हेच उत्तर. आणि ते केवळ कायद्याच्या भीतीपोटी नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेला धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा श्रद्धेच्या बाबतीत कोणतीही सक्ती निषिद्ध मानतो. घटनेचा अनुच्छेद आणि ख्रिस्तसभेचा जाहीरनामा येथे एकाच जागी येऊन थांबतात.

त्याच परिषदेने त्याआधी सहा आठवडे, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा मान्य केला होता. त्यातील एक विचार आमच्या मते सबंध विषयाचा गाभा आहे. मुलांना आणि तरुणांना नैतिक मूल्यांची पारख योग्य सद्सद्विवेकबुद्धीने करता यावी, आणि ती स्वतः मनापासून स्वीकारता यावीत, हा त्यांचा हक्क आहे असे तो जाहीरनामा सांगतो. हक्क आहे, आणि तो सर्व मुलांचा, केवळ बाप्तिस्मा घेतलेल्यांचा नव्हे. शिवाय येथे पाठांतराची नव्हे, पारखण्याची गोष्ट आहे.

आता आपल्या शाळांतील प्रत्यक्ष व्यवस्था पाहू. पुष्कळ कॅथोलिक शाळांत आठवड्यातील ठरावीक तासिकेला वर्ग दुभंगतो. कॅथोलिक मुले धर्मभगिनींबरोबर धर्मशिक्षणाला जातात. उरलेली मुले जागेवर बसून नीतिशिक्षणाचे पुस्तक उघडतात. ही व्यवस्था सद्हेतूने झाली आहे. आपल्या मुलांना आपल्या श्रद्धेचे शिक्षण मिळणे हा आपला हक्क आहे आणि ते कमी करावे असे आम्ही सुचवीत नाही. परंतु याचा एक परिणाम असा होतो की, एकाच बाकावर बसणारी दोन मुले बरेवाईट काय याचा विचार कधी एकत्र करीतच नाहीत. एकाला वाटते, नीती म्हणजे दहा आज्ञा आणि पापनिवेदन. दुसऱ्याला वाटते, नीती म्हणजे पुस्तकातील धडा आणि त्याखालील प्रश्न. दहावीनंतर दोघेही एकाच गावात नोकरी करणार, एकाच रुग्णालयात वा कचेरीत शेजारी बसणार, आणि तेथे लाच घ्यावी की नाही हा प्रश्न त्यांना एकत्रच सोडवावा लागणार! धर्मशिक्षणाची तासिका आहे तशी राहू द्यावी, पण पंधरवड्यातून निदान एक तासिका अशी असावी की जेथे सर्व मुले एकत्र बसतील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे काही पालक विचारतील, आपल्या मुलांच्या श्रद्धेवर याचा विपरीत परिणाम होणार नाही का? त्यांच्यासाठी एक जुनी पण अस्वस्थ करणारी माहिती सांगतो. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन संशोधकांनी १९२० च्या दशकात दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी केली. फसविण्याची संधी मिळेल अशा परीक्षा, खेळ आणि घरी करावयाची कामे देऊन मूल प्रत्यक्षात कसे वागते हे त्यांनी पाहिले. १९२८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष शिक्षणक्षेत्राला धक्का देणारे होते. एका प्रसंगी प्रामाणिक असणारे मूल दुसऱ्या प्रसंगी तसे असतेच असे नाही. नीतीचे नियम तोंडपाठ असणे आणि तसे वागणे यांचा संबंध अगदी क्षीण. आणि रविवारच्या धर्मवर्गाला नियमित जाणे व प्रामाणिकपणे वागणे यांचाही फारसा मेळ दिसून आला नाही. हार्टशॉर्न हे स्वतः दीक्षित धर्मोपदेशक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षामागील प्रांजळपणा कळतो. धर्मशिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. ऐकलेली शिकवण आपोआप आचरणात येते, ही आपली समजूत मात्र त्यामुळे टिकत नाही. त्या पाहणीतून आणखी एक गोष्ट दिसली : वर्गागणिक वातावरण बदलते, आणि ज्या वर्गात फसवणूक चालत नाही त्या वर्गात एकटे मूलही सहसा फसवीत नाही.

आपल्याकडे याची कसोटी दरवर्षी शालान्त परीक्षेच्या वेळी लागते. भरारी पथके, बैठी पथके, केंद्राबाहेर पोलीस, आणि तरीही खिडकीतून आत जाणाऱ्या चिठ्ठ्या. २०१० साली नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम हाती घेतली आणि पुढे ती राज्यभर अनुसरली गेली. (मूल्यशिक्षणाचा अहवाल देणाऱ्या शंकरराव चव्हाणांची कर्मभूमीही नांदेडच, हा एक योगायोग.) त्या मोहिमेचे मोल मोठे आहे. परंतु पथक दारात उभे असताना कॉपी न करणे, आणि पथक नसतानाही न करणे, यांतील अंतर शाळेलाच भरून काढावे लागते.

ते कसे भरावे? येथे तेरा ते सोळा या वयाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या आपल्या प्रबंधासाठी नेमक्या दहा ते सोळा वर्षांच्या मुलांपुढे नैतिक पेच ठेवले आणि ‘काय करावे’ यापेक्षा ‘का करावे’ याचे उत्तर ऐकले. शिक्षा होईल म्हणून, लोक चांगले म्हणतील म्हणून, नियम आहे म्हणून, आणि अखेरीस ते न्याय्य आहे म्हणून : कारणे अशी पायरीपायरीने चढत जातात. पुढे १९८२ साली कॅरोल गिलिगन यांनी या मांडणीत जिव्हाळा आणि जबाबदारी यांना पुरेसे स्थान नाही असा आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. तरी मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. या वयाचे मूल उत्तर घेत नाही, ते कारण मागते.

आपल्या प्रभूची रीत याहून निराळी होती काय? शास्त्र्याने येशूला विचारले, माझा शेजारी कोण? येशूने व्याख्या सांगितली नाही. लुटल्या गेलेल्या प्रवाशाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी, त्या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण ठरला, हे शास्त्र्यालाच विचारले. उत्तर शास्त्र्याच्या तोंडून आले. शुभवर्तमानाच्या या दहाव्या अध्यायावर (लूक) आपण किती प्रवचने ऐकली असतील! वर्गात मात्र आपण दाखल्याचे तात्पर्य आधी सांगतो आणि प्रश्न पुस्तकाच्या शेवटी ठेवतो.

एक उदाहरण घ्या. दहावीची सराव परीक्षा आहे. तुमचा मित्र रोज संध्याकाळी वडिलांच्या भाजीच्या गाड्यावर उभा राहतो, त्यामुळे त्याचा अभ्यास झालेला नाही. चार गुणांच्या प्रश्नासाठी तो तुमच्याकडे पाहतो आहे, पर्यवेक्षकांची पाठ वळली आहे. तुम्ही काय कराल? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न ठेवला की पहिली पाच मिनिटे मुले शिक्षकाला हवे तेच उत्तर देतात. शिक्षकाने तेथे मान डोलावली की चर्चा संपली. तो गप्प राहिला, तर मागच्या बाकावरून कोणीतरी खरे बोलतो : दाखवीन, मैत्री आहे. मग दुसरे कोणी म्हणते, त्याला चार गुण मिळतील पण गणित येणार नाही. तिसरे म्हणते, ज्यांनी रात्र जागून अभ्यास केला त्यांचे काय? शिक्षकाने ही सर्व कारणे फळ्यावर लिहीत जावीत. आणि बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत तो प्रश्न येतो ज्यासाठी ही सारी खटपट : सराव परीक्षेआधीच्या महिन्यात आपल्यापैकी एकही जण त्याच्याबरोबर अभ्यासाला का बसला नाही? कोणी विचारला नाही, तर शिक्षकाने विचारावा. प्रामाणिकपणाचा धडा तेथे दयेच्या धड्याला जाऊन मिळतो. या तासिकेला गुण देऊ नयेत. गुण आले की मागच्या बाकावरचा मुलगा खरे बोलणे बंद करील.

अर्थात चर्चेने सर्व होत नाही. १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये एक तरुण शिक्षक आले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या ते स्वतः नीटनेटक्या करीत, आजारी मुलाची शुश्रूषा करीत, मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. ते साने गुरुजी. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली, म्हणजे माध्यमिक शिक्षक म्हणून त्यांना लाभली ती अवघी सहा वर्षे. श्रमप्रतिष्ठा हा शब्द त्या छात्रालयाच्या भिंतीवर लिहिलेला होता की नाही, आम्हांस ठाऊक नाही. त्याची गरज नसावी. त्याच धर्तीवर संत जॉन बोस्को यांनी १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात बजावले होते की, मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवले पाहिजे. मधल्या सुट्टीत मुलांमध्ये मिसळणारा शिक्षक त्यांना याचसाठी हवा होता.

आणि मग परिसर. सक्करदऱ्याच्या मुलांना सर्वधर्मसहिष्णुता शिकविण्यासाठी पुस्तकातील धडा शोधण्याचे कारण नाही. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या ताजुद्दीन बाबांना १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात मोठ्या आदराने आणले. हिंदू राजाच्या घरी मुस्लिम फकीर राहिला आणि सर्व धर्मांची माणसे त्याच्या भेटीला येऊ लागली. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले. उमरेड मार्गावरील ताजबाग येथील त्यांच्या दर्ग्यावर आजही सर्व धर्मांचे लोक जातात. आपली श्रद्धा आपण सोडावयाची नाही, आणि त्यांच्या श्रद्धेचे सर्व काही मान्य करावयाचे असेही नाही. परंतु राजाने तेव्हा काय जोखीम पत्करली असेल, लोक काय बोलले असतील, आणि तरीही त्याने दार का उघडले, हा प्रश्न नववीच्या वर्गात विचारण्याजोगा आहे. कॅथोलिक मुलाने तो आपल्या मुस्लिम वर्गमित्राच्या शेजारी बसून सोडवावा.

सक्करदरा तलावाचेही तसेच. अलीकडच्या वर्षांत नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय ठेवण्यात आला. महानगरपालिका शहरातील तलाव वाचविण्यासाठी गणेशमूर्तींच्या विसर्जनाकरिता कृत्रिम टाक्यांची सोय करते. मुले हे सारे पाहतात. श्रद्धेचा आदर आणि पाण्याची काळजी यांचा मेळ कसा घालावा, हा पेच एका धर्माचा नाही. आपल्याही सणांच्या दुसऱ्या दिवशी मंदिराच्या आवारात किती थर्मोकोल आणि प्लॅस्टिक पडलेले असते, हे आपल्या मुलांनी त्याच चर्चेत सांगितले तर चर्चा प्रामाणिक होईल.

राहता राहिले घर. १९६५ चा तोच जाहीरनामा आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हणतो. हे वाक्य आपण लग्नसोहळ्यात आणि बाप्तिस्म्याच्या वेळी आदराने ऐकतो. मात्र परीक्षा केंद्राबाहेर उभा असलेला बापही ‘पहिला शिक्षक’च असतो, आणि घरी आलेल्या वसुलीवाल्याला ‘बाबा बाहेर गेलेत म्हणून सांग’ असे मुलाला शिकविणारी आईही. या गोष्टी लहान वाटतात. चौदा वर्षांच्या मुलाला त्या लहान वाटत नाहीत, कारण तो त्या वयात आपल्याला तपासून पाहत असतो. दिवसातून एकदा तरी जेवताना दूरदर्शन संच आणि मोबाइल बाजूला ठेवून ‘आज शाळेत कोणावर अन्याय झाला का?’ असे विचारून पाहावे. पहिले काही दिवस ‘काही नाही’ असेच उत्तर येईल.

शाळेसाठी मात्र आमची सूचना अगदी साधी आहे. पुढच्या पालकसभेत, निकालाचे आणि जादा वर्गांचे प्रश्न विचारून झाले की, मूल्यशिक्षणाची तासिका कोणत्या वारी असते आणि गेल्या वर्षी ती किती वेळा प्रत्यक्षात झाली, हे दोन प्रश्न पालकांनी उभे राहून विचारावेत. मुख्याध्यापकांना उत्तरासाठी शिक्षकांच्या टाचणवह्या मागवाव्या लागतील. मागवू द्याव्यात, पालकांनी तोवर थांबावे.